मेंदूचे गेम विकणाऱ्यांना एका झेरॉक्सवाल्याचं खुलं पत्र

नमस्कार,

तुम्ही म्हणजे कोण ते आधी सांगून टाकतो. पोरांची मेमरी वाढवतो, अटेन्शन वाढवतो, आयक्यू वाढवतो म्हणून टॅबवरचे आणि कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारे, ते विकणारे, हॉल भाड्यानं घेऊन डेमो लावणारे, आणि पोराच्या फाइलवर डाऊन सिंड्रोम, फ्रॅजाइल एक्स, टर्नर असलं नाव आलं की आईबापांचे नंबर कुठून कुठून पैदा करणारे, असे सगळे. कुणाचं नाव घेणार नाही, ज्याला लागायचं त्याला लागेल.

माझं सांगलीत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगी अकरा वर्षांची, घरी चिऊ म्हणतो तिला. डाऊन सिंड्रोम. एकविसाव्या क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्राच्या, दोन कॉप्या असायच्या तिथं तीन. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, एक कॉपी जास्त निघाली, आपल्याकडं रोज निघते. मग स्वतःचीच लाज वाटली, पण खरं सांगतो अजून मला ते तसंच समजतं आणि तसंच पटतं. चूक कुणाची नाही, मशीननं एक पान जादा ओढलं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्यातल्याच एकाचा डेमो होता. हॉलमध्ये एसी, चहा, बिस्किटं, आणि पडद्यावर मेंदूचं चित्र, आधी लाल होतं ते पाच आठवड्यांनी हिरवं. कोट घातलेला पोरगा म्हणाला हिच्या मेंदूत नवीन वायरिंग होणार. मी म्हणालो, क्रोमोसोमचं काय, ते तर तसंच राहणार ना? तो म्हणाला, सर, क्रोमोसोम म्हणजे हार्डवेअर, आपण सॉफ्टवेअर बदलतोय. आता मला सांगा, प्रिंटरचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यातच ज्याचा दिवस जातो त्या माणसाला हे वाक्य किती गोड लागलं असेल. वर म्हणाला नऊ वर्षं म्हणजे आधीच उशीर झालाय, शिकायची खिडकी बंद होत चाललीय. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी खिशाकडं बघितलं, आणि चोवीस हजार रुपये, सहा हप्त्यांत, ठरले. घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटली. गिऱ्हाईक एका झेरॉक्समागं पन्नास पैशांसाठी माझ्याशी भांडतं आणि मी तिथं गप्प बसून सही केली, कारण पोरीच्या मेंदूचा भाव कसा करायचा.

पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. गेम काय तर, चार बाय चारच्या चौकोनात बेडूक उड्या मारतात, ज्या क्रमानं उड्या मारल्या त्याच क्रमानं बोट लावायचं. जमलं की एक बेडूक वाढतो, चुकलं की कमी होतो. चिऊ पहिल्या आठवड्यात दोन बेडकांवर होती, पाचव्या आठवड्यात चारवर गेली, आणि त्या दिवशी आम्ही पेढे आणले, खोटं कशाला बोलू. स्क्रीनवर चांदण्या पडल्या, ग्राफ वर गेलेला दिसला, तो स्क्रीनशॉट मी अख्ख्या भावकीच्या ग्रुपवर टाकला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बायको बाहेर भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, चिऊ, आत जा आणि चमचा, वाटी अन साखरेचा डबा आण. चिऊ आत गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मी जाऊन बघितलं तर पोरगी ओट्यासमोर उभी, हातात साखरेचा डबा, आणि बाकी काय सांगितलं होतं ते आठवत नव्हतं म्हणून नुसती माझ्याकडं बघत होती. शेवटचं सांगितलेलं तेवढं राहिलं, आधीचं दोन्ही गेलं. चार बेडूक लक्षात ठेवणारी पोरगी ही.

तुमच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, सर, ऐकण्याचं मॉड्युल वेगळं आहे, त्याच्यावर ऑफर चालू आहे.

मग मी वाचायला लागलो. माझी भाची फिजिओथेरपी शिकते, तिनं इंटरनेटवरून पेपर काढून दिले, मी प्रिंट मारले, कागद घरचाच, रात्री दुकान बंद केल्यावर डिक्शनरी घेऊन बसायचो, अडलं की तिला फोन. पहिली गोष्ट कळली ती अशी की डाऊन सिंड्रोमच्या बऱ्याच पोरांचं डोळ्यांनी बघितलेलं त्यातल्या त्यात बरं लक्षात राहतं आणि कानांनी ऐकलेलं लवकर निसटतं, आणि हे संशोधकांना फार पूर्वीपासून माहिती आहे. म्हणजे तुमच्या गेमनं जे त्यातल्या त्यात बरं होतं त्यालाच पाच आठवडे व्यायाम दिला, आणि जिथं पोरगी अडते तिथं हातसुद्धा लावला नाही. हे तुम्हाला माहिती नव्हतं का? माहिती नसेल तर वाईट, आणि असेल तर त्याहून वाईट.

दुसरं म्हणजे कान. सहा महिन्यांनी एका डॉक्टर बाईंनी सहज विचारलं, हिचा कान कधी तपासलाय? तपासला तर दोन्ही पडद्यांच्या मागं पाणी साठलेलं. या पोरांमध्ये हे फार कॉमन असतं, थायरॉईड कॉमन असतो, डोळ्यांचा नंबर कॉमन, झोपेत श्वास अडकणं कॉमन, आणि रात्रभर धड झोप नाही झालेली पोर सकाळी काय लक्षात ठेवणार? तुमचा फॉर्म चार पानी होता (मी पानं मोजतो, सवयच आहे), त्यात माझं वार्षिक उत्पन्न विचारलं होतं, घरात वायफाय आहे का विचारलं होतं, पोरगीला ऐकू येतं का हे विचारलं नव्हतं. एक ओळ लागते हो त्याला. थायरॉईडची तपासणी काही चोवीस हजाराला होत नाही. मी तुमचा राग राग करतोय तो पैशासाठी कमी आणि या एका ओळीसाठी जास्त, कारण ती अर्धवट ऐकत होती आणि आम्ही तिला बेडूक मोजायला लावत होतो. मी पण नाही विचारलं, तो माझा दोष मी वेगळा भोगतोय.

आता अभ्यासांचं. तुमच्या ब्रोशरवर लिहिलं होतं, जगभरात सिद्ध झालेलं तंत्र. मी जेवढं वाचलं त्यावरून हे कसं सुरू झालं ते सांगतो, चुकत असेल तर कान धरा. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टोर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ आणि २००५ मध्ये वर्किंग मेमरीच्या (म्हणजे काम करताना तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवायच्या ताकदीच्या) कॉम्प्युटर ट्रेनिंगवर पेपर काढले, त्यातून कॉगमेड नावाचा प्रोग्राम जगभर गेला. पाच आठवडे, पंचवीस सेशन हा हिशोब तिथलाच. आमचं पॅकेज कॉगमेडचं नव्हतं, पण पाच आठवड्यांचा आकडा कुठून उचललाय ते मला आता कळलं. आणि ते पहिले अभ्यास एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही अशा, मुलांवर होते, म्हणजे चिऊसारख्या पोरांवर नाही. शर्ट दुसऱ्याच्या मापाचा शिवलेला होता.

चिऊसारख्या पोरांवर काम झालंच नाही असं नाही. इंग्लंडमध्ये २०१३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या सात ते बारा वर्षांच्या एकवीस मुलांवर अभ्यास छापून आला, शाळेतच कॉम्प्युटरवर ट्रेनिंग दिलं, काहींना लगेच आणि काहींना नंतर, आणि ज्यांना मिळालं त्यांची बघून लक्षात ठेवायची ताकद वाढली, चार महिन्यांनी बघितलं तरी टिकलेली होती. हे वाचून मी खूश झालो, बायकोला उठवून सांगितलं. मग नीट वाचलं. एकवीस मुलं म्हणजे आमच्या गल्लीत दिवाळीला फटाके उडवायला जमतात त्याहून कमी. आणि वाढलं ते बघून लक्षात ठेवायचं, जे गेममध्येच करायचं असतं त्याच जातीचं. शिवाय तिथं प्रत्येक मुलाच्या शेजारी शाळेतली एक मदतनीस बाई बसायची, तिला आधी ट्रेनिंग दिलेलं होतं. पाच आठवड्यांत उरकलं पण नाही, दहा ते सोळा आठवडे घेतले, पोरांच्या चालीनं. तुमच्या पॅकेजमध्ये ती बाई कुठं होती? टॅब हातात दिला आणि सांगितलं, मुलं आपोआप शिकतात.

त्यानंतरचा अभ्यास तर तुम्ही सगळ्यांनी फ्रेम करून ऑफिसात लावायला पाहिजे. फ्रॅजाइल एक्स म्हणजे एक्स क्रोमोसोमवरच्या एका जीनमध्ये, म्हणजे जनुकात, तीन अक्षरांचा एक तुकडा परत परत छापला जातो, दोनशेच्या वर गेला की ते जीन बंद पडतं. (एकच पान दोनशे वेळा निघालं की ट्रे जाम होतो, माझ्या डोक्यात ते असं बसलंय.) तर अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या संशोधकांच्या पुढाकारानं फ्रॅजाइल एक्सच्या शंभर मुलांवर कॉगमेड वापरून बघितलं, २०१९ मध्ये ते छापून आलं. हुशारी काय केली, अर्ध्यांना खरा गेम दिला जो जमेल तसा अवघड होत जातो, आणि अर्ध्यांना तोच गेम पण सोप्यावरच अडकवून ठेवलेला. घरचं माणूस शेजारी बसून पाच सहा आठवडे. निकाल काय आला? दोन्हीकडची मुलं सुधारली. अवघड गेमवाली आणि सोप्या गेमवाली यांच्यात फरक नाही सापडला.

हे मी तीन वेळा वाचलं. म्हणजे तुम्ही ज्याचे पैसे घेता, ते लेव्हल वाढत जाणं, ते पेटंट, ते अल्गोरिदम, त्यानं वेगळं असं काही दिसलं नाही. सुधारणा तर झाली, शिक्षकांना दिसली, आईबापांना दिसली. मग ती कशानं झाली? तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिल्यावर जरा जास्त मार्क पडतात त्यानं असेल, आपण काहीतरी करतोय या आशेनं आईबापांना जास्त दिसलं असेल, किंवा रोज अर्धा तास कुणीतरी फोन बाजूला ठेवून पोराजवळ बसलं त्यानं असेल. मला तर ते शेवटचं वाटतं पण मी झेरॉक्सवाला आहे, माझ्या वाटण्याला काय किंमत. काहीच न केलेला तिसरा ग्रुप त्यात नव्हता, त्यामुळं ते त्या अभ्यासातून सांगता येत नाही. पण निदान त्यांनी जे सापडलं ते छापलं. तुमच्या ब्रोशरमध्ये हा अभ्यास नाही, एकवीस मुलांचा मात्र आहे, आणि त्यातला एकवीस हा आकडा खाल्लाय.

साध्या मुलांवर आणि मोठ्यांवर तर याचे ढीगभर अभ्यास झालेत, आणि ते सगळे एकत्र करून बघणाऱ्यांनी २०१३ पासून पुन्हा पुन्हा हेच लिहिलंय की गेमसारखी कामं सुधारतात, पण गणित, वाचन, वर्गातलं लक्ष इथपर्यंत ते पोचल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. आपल्याकडं याला साधी भाषा आहे, कॅरम खेळून क्रिकेट येत नाही. आमच्या चार बेडकांचा आणि साखरेच्या डब्याचा प्रॉब्लेम तोच होता, एवढंच की तो मला ओट्यासमोर उभं राहून कळला.

आणि एक जुनी बातमी परत आठवून देतो. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ल्युमॉसिटी हे ब्रेन ट्रेनिंग विकणाऱ्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि वीस लाख डॉलर भरून त्यांनी ते मिटवलं. शाळेत मार्क वाढतील, म्हातारपणी विसराळूपणा येणार नाही, असले दावे होते, आणि ज्या आजारांवर फायदा होतो असं सांगितलं जात होतं त्या यादीत टर्नर सिंड्रोम पण होतं. टर्नर म्हणजे मुलींमध्ये एक एक्स क्रोमोसोम नसतो किंवा अर्धवट असतो, गणित त्यांना बऱ्याचदा जड जातं. म्हणजे आमच्यासारख्या दुर्मिळ गिऱ्हाइकाचं नावसुद्धा त्या जाहिरातीतून सुटलं नव्हतं. आपल्याकडं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करता येतो. मी केला नाही अजून. आधी पत्र लिहितोय, कारण मला तुम्ही बंद पडायला नकोय.

हो, नकोय. हे नीट ऐका, नाहीतर म्हणाल म्हातारा कॉम्प्युटरच्या विरोधात आहे. माझी पोरगी कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्डनं स्वतःचं नाव टाईप करते, हातानं लिहायला तिला जड जातं कारण बोटांत ताकद कमी, पण बटण दाबलं की अक्षर सरळ उमटतं आणि ते बघून तिचा चेहरा जो फुलतो तो बघायला या एकदा. कॉम्प्युटर ओरडत नाही, शंभर वेळा तेच सांगून कंटाळत नाही, हे मी कुठल्या माणसाबद्दल म्हणू शकत नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. तुमच्याकडं पोरं आहेत इंजिनिअर झालेली, चित्रं काढणारी माणसं आहेत, मग बेडूकच कशाला उडवता? गेममध्ये एक स्वयंपाकघर दाखवा, मराठीत बाईचा आवाज असू द्या जो आमच्या घरातल्यासारखा बोलतो, चमचा आण, वाटी आण, एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर. बसचा बोर्ड वाचायचा गेम करा. वीसची नोट देऊन बारा रुपयांची वही घ्यायची, परत किती आले. जे पोरीला जगायला लागतं तेच घोकून घ्या ना, मग ते दुसरीकडं पोचतंय का नाही हा वादच राहणार नाही. आमच्या पॅकेजमधली बाई इंग्लिशमध्ये बोलायची, गुड जॉब म्हणायची, चिऊला वाटायचं ती ओरडतेय.

आणि विकताना खरं बोला. हे कुठल्या मुलांवर वापरून बघितलं, किती मुलांवर, पाच आठवड्यांनंतर काय आणि सहा महिन्यांनंतर काय, एवढं मराठीत एका पानावर छापून द्या, प्रिंट मी फुकट काढून देतो. सोप्या गेमशी लावून बघितलंत का ते लिहा. कान, डोळे, थायरॉईड तपासून झाल्याशिवाय पोराला घेऊ नका. दोन आठवडे वापरून नको वाटलं तर पैसे परत. आणि ती खिडकी बंद होतेय वाली भाषा सोडा हो. चिऊ अकराव्या वर्षी नवीन गोष्ट शिकतेय, माझा बाप सत्तराव्या वर्षी व्हॉट्सॲप शिकला. आमच्यासारख्यांच्या घरात ती खिडकी रोज रात्री दोन वाजता उघडी असते, आईबाप जागे असतात, तिथून तुम्ही आत येता हे मला आता कळलंय.

गेल्या वर्षीपासून चिऊ शाळेतून आली की दुकानात येते. कॉलेजच्या नोट्सचे सेट असतात, चार पानांचा एक, पन्नास सेट. सुरुवातीला दोनच पानं दिली, एक पांढरा गठ्ठा, एक पिवळा. पांढरं, पिवळं, ठोक. मग तिसरा निळा गठ्ठा मांडला तर आठ दिवस गोंधळ, पिवळ्यावर पिवळं यायचं, स्टेपलर दुसऱ्याच कोपऱ्यात लागायचा, मी चिडलो की ती टेबलाखाली जाऊन बसायची. मग बायकोनं युक्ती काढली, गठ्ठे रांगेत लावले आणि तिला म्हणाली तोंडानं म्हण. आता ती मोठ्यानं म्हणते, पांढलं, पिवलं, निलं, गुलाबी, ठोक. आता रंगाचा कागद नसला तरी आकडा बघून चार पानं लावते. परवा एका गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये तीन नंबरचं पान दोनदा आलेलं, ते तिनं बाजूला काढून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, बाबा, जास्त.

घरात आता चमचा आणि वाटी येते. तिसरी वस्तू अजून राहते कधी कधी. हे दुकानामुळं झालं की कानातलं पाणी काढल्यामुळं की ती दोन वर्षांनी मोठी झाली म्हणून, मला ठरवता येत नाही, आणि म्हणून मी काही याचं पॅकेज करून हॉलमध्ये डेमो लावत नाहीये.

तुमच्या माणसाचा रिन्युअलसाठी अजून फोन येतो. त्याला सांगा चार ते सहाच्या वेळात फोन करू नकोस, हात मोकळे नसतात आमचे, सेट लावत असतो.

तुमचा जुना गिऱ्हाईक,
चिऊचा बाबा, सांगली